जुनी फास्ट वाइड लेन्स आणि रेंजफाइंडर : अंधुक उजेडात काम करण्याची पद्धत

पस्तीस मिलिमीटरची एफ/१.४ लेन्स केवळ पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी विकत घेऊ नये. त्या कामाला पन्नास किंवा पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स कमी पैशांत अधिक चांगली उपयोगी पडते. फास्ट वाइड लेन्सचे, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या आणि पुष्कळ उजेड आत घेणाऱ्या लेन्सचे, काम वेगळे आहे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत दारातून येणाऱ्या उजेडावर चाललेले मठारकाम (तांब्याची भांडी हातोड्याने ठोकण्याचे काम), पाताळेश्वराच्या लेण्यातले खांब, जुन्या वाड्याचे माजघर किंवा दिवेलागणीनंतरची तुळशीबाग अशा ठिकाणी माणूस आणि त्याचा परिसर हे दोन्ही एकाच चौकटीत हवे असतात, अंतर एक ते तीन मीटरचे असते, फ्लॅश शोभत नाही आणि ट्रायपॉड लावायला जागा नसते. तेथे ही लेन्स कॅमेरा हातात धरून १/३० सेकंदावर काम करू देते, आणि रेंजफाइंडरमध्ये, म्हणजे दोन प्रतिबिंबे एकमेकांवर जुळवून फोकस करण्याच्या कॅमेऱ्यात, उसळणारा आरसा नसल्यामुळे त्या गतीला कॅमेऱ्याला धक्काही बसत नाही. मात्र लेन्स आणि कॅमेरा यांचे मिळून एकच उपकरण बनते, आणि ते तपासून जुळवून घेतल्याशिवाय पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर भरवशाचे छायाचित्र मिळत नाही (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधले उजेड आत घेणारे छिद्र; एफ/चा आकडा जितका लहान, तितके ते मोठे). पुढील विवेचनात म्हणूनच त्या जुळवणीला सर्वाधिक जागा दिली आहे.

लेन्सची निवड

या जातीच्या लेन्स १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्या. निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ ही १९५६ची, कॅननची ३५ मिमी एफ/१.५ ही १९५८ची, आणि लाइकाची समिलक्स ३५ मिमी एफ/१.४ ही १९६१ची. शेवटची लाइट्झच्या कॅनडातील कारखान्यात वॉल्टर मँडलर यांनी आखली होती. अगोलीय पृष्ठभागाची भिंगे परवडणाऱ्या खर्चात घडवणे त्या काळी शक्य नसल्यामुळे रचनाकारांनी उच्च अपवर्तनांकाची काच वापरून जमेल तेवढे दोष कमी केले आणि उरलेले तसेच राहू दिले. त्यामुळे पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर उजळ कडांभोवती मऊ प्रभा दिसते आणि चौकटीच्या कोपऱ्यातला दिवा ठिपक्याऐवजी पंख फुटल्यासारखा उमटतो. एफ/२.८ किंवा एफ/४ वर हीच लेन्स एकदम शहाणी होते : कॉन्ट्रास्ट वाढतो, प्रभा जाते. एकाच नळकांड्यात दोन स्वभाव, हे या लेन्सचे खरे आकर्षण आहे.

समिलक्सची किंमत आता संग्राहकांच्या हातात गेली आहे; २०२२ साली लाइकाने ती नव्याने काढली, तरी ती स्वस्त झालेली नाही. निकॉनची बहुतेक लेन्स तिच्या स्वतःच्या माउंटमध्ये (कॅमेऱ्यावर बसण्याच्या जोडणीत) आहे आणि लाइका स्क्रू माउंटमधली क्वचित दिसते. काम करायचे असेल, तर कॅननची स्क्रू माउंटची लेन्स पाहावी. एफ/१.५ची आवृत्ती महाग वाटली, तर कॅननचीच ३५ मिमी एफ/२ घ्यावी. ती लहान आहे, अधिक टोकदार (स्पष्ट) चित्र देते, आणि प्रत्यक्षात एका स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणे) कमीच उजेड गमावतो. ज्यांना बुरशीची धास्ती वाटते त्यांनी व्होइग्टलँडरची नोक्टॉन क्लासिक ३५ मिमी एफ/१.४ घ्यावी. ती जुनी नव्हे, पण तिचा स्वभाव जाणूनबुजून जुन्या वळणाचा ठेवलेला आहे.

घेण्यापूर्वी

पुण्याच्या जुन्या बाजारात एखादा क्लिक थ्री किंवा याशिका कॅमेरा मिळून जातो, फास्ट वाइड रेंजफाइंडर लेन्स मिळण्याची आशा धरू नये. ती बहुधा एखाद्या हौशी कुटुंबाच्या कपाटातून किंवा परदेशातून येते, आणि परदेशातून मागवताना सीमाशुल्क धरूनच हिशेब करावा.

लेन्स हातात आल्यावर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून मागच्या बाजूने टॉर्च तिरकी धरावी आणि समोरून आत पाहावे. सरळ पाहिले तर स्वच्छ दिसणारी काच तिरक्या उजेडात खरे सांगते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. सर्वत्र सारखा दुधाळ पापुद्रा दिसला तर तो हेझ. आणि कडेला इंद्रधनुषी रंगाचे डाग दिसले तर दोन भिंगे जोडणारा डिंक सुटू लागला आहे असे समजावे. हेझ बहुतेक वेळा पुसता येतो, पण फार वर्षे राहिला असेल तर काच खाल्लेली असते. डिंक सुटलेली लेन्स सोडून द्यावी. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल दिसले तर घाबरण्याचे कारण नाही, कारण येथे पाती हातानेच फिरवायची असतात. पण तेच तेल उडून शेजारच्या काचेवर बसते आणि पुढचा हेझ तेथूनच सुरू होतो. शेवटी फोकसची रिंग दोन्ही दिशांना फिरवून नळी बाजूला हलते का, हे बोटांनी पाहावे. रेंजफाइंडरला अंतर सांगणारा कॅम याच नळीला जोडलेला असल्यामुळे तिच्यातली किंचितशी ढिलाईसुद्धा थेट फोकसमध्ये उतरते.

अडॅप्टर आणि चौकटीच्या रेषा

स्क्रू माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिमी असते आणि लाइका एम माउंटमध्ये २७.८ मिमी. म्हणून स्क्रू माउंटची लेन्स एम कॅमेऱ्यावर बसवणारा अडॅप्टर बरोबर एक मिलिमीटर जाडीचा असावा लागतो. स्वस्त अडॅप्टर येथेच फसवतात : जाडी शतांश मिलिमीटरांनी चुकली, तरी अनंतावरची दोन प्रतिबिंबे जुळत नाहीत, आणि मग दोष लेन्सला दिला जातो. अडॅप्टर घेताना तो व्ह्यूफाइंडरमध्ये ३५ मिमीची चौकट (छायाचित्रात काय येईल ते दाखवणाऱ्या रेषा) उघडणारा आहे ना, हेही पाहावे, कारण पन्नासचा अडॅप्टर पन्नासचीच रेषा दाखवील.

लाइका एम२ मध्ये ३५ मिमीची चौकट आहे. एम३ मध्ये नाही, तेथे वेगळा व्ह्यूफाइंडर वर बसवावा लागतो किंवा लेन्सची ‘चष्म्याची’ आवृत्ती, म्हणजे व्ह्यूफाइंडरपुढे येणारी भिंगे जोडलेली, शोधावी लागते. कॅनन पी मध्ये ३५, ५० आणि १०० या तिन्ही चौकटी एकाच वेळी दिसतात आणि ३५ची रेषा अगदी कडेला असते. चष्मा लावणाऱ्याला ती पूर्ण दिसत नाही, हे विकत घेण्यापूर्वी डोळ्याला लावूनच ठरवावे. मोठी लेन्स आणि हुड (लेन्सपुढे लावायचा, तिरका उजेड अडवणारा कडा) मिळून चौकटीचा खालचा उजवा कोपरा झाकतात, म्हणून झरोके असलेला हुड घ्यावा. शिवाय या चौकटी जवळच्या अंतरासाठी आखलेल्या असतात, त्यामुळे दूरच्या विषयात रेषेबाहेरचेही बरेच काही फिल्मवर येते.

जोडीची चाचणी

पहिली तपासणी अनंताची. गच्चीवरून सिंहगडावरचा टॉवर दिसत असेल तर त्यासारखे दुसरे लक्ष्य नाही; नसेल तर दूरच्या इमारतीची उभी कड घ्यावी. लेन्स अनंताच्या खुणेवर टेकली असता मधल्या ठिपक्यातली दोन प्रतिबिंबे एकमेकांवर बरोबर बसली पाहिजेत. नंतर रात्री दूरचा एखादा दिवा पाहावा : दोन प्रतिबिंबे एकावर एक, म्हणजे वरखाली दिसत असतील, तर कॅमेऱ्याची उभी जुळवणी बिघडली आहे. अडॅप्टर बरोबर जाडीचा असेल, तर हे दोन्ही दोष बहुधा कॅमेऱ्याचे असतात आणि ते दुरुस्ती करणाऱ्याकडूनच काढून घ्यावेत. आत दिसणारा स्क्रू स्वतः फिरवण्याचा मोह आवरावा.

दुसरी तपासणी जवळची, आणि तीच महत्त्वाची. टेबलावर पाच आगपेट्या उभ्या करून प्रत्येक पेटी आधीच्या पेटीपेक्षा पाच सेंटिमीटर मागे आणि थोडी बाजूला ठेवावी, म्हणजे सगळ्यांची छापील बाजू दिसेल. कॅमेरा ट्रायपॉडवर मधल्या पेटीपासून मोजून एक मीटरवर ठेवावा. हे अंतर फिल्मच्या पातळीपासून मोजायचे असते, लेन्सच्या टोकापासून नव्हे. मधल्या पेटीच्या कडेवर फोकस जुळवून एफ/१.४, २, २.८ आणि ४ अशी चार छायाचित्रे घ्यावीत, आणि प्रत्येक वेळी अ‍ॅपर्चरचा आकडा लिहिलेली चिठ्ठी चौकटीत ठेवावी, म्हणजे निगेटिव्ह पाहताना गोंधळ होत नाही. एकदा रिंग अनंताकडून जवळ आणत आणि एकदा जवळून अनंताकडे नेत फोकस करावा. दोन्हींचा निकाल वेगळा आला तर नळीत किंवा कॅमच्या जोडणीत ढिलाई आहे, आणि ती निघेपर्यंत नेहमी एकाच दिशेने फोकस करण्याची सवय लावावी.

निगेटिव्ह लूपखाली (छोट्या भिंगाखाली) पाहिल्यावर सर्वांत टोकदार पेटी कोणती, यावरून निदान होते. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर मधल्याऐवजी पुढची किंवा मागची पेटी टोकदार असेल, तर लेन्स आणि कॅमेऱ्याचे जुळत नाही. हीच लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावून पाहिल्याशिवाय दोष कोणाचा हे ठरवू नये. परंतु एफ/१.४ वर मधली पेटी टोकदार असून एफ/२.८ वर टोकदारपणा मागे सरकत असेल, तर तो दोष नव्हे, लेन्सचा स्वभाव आहे. त्याला फोकस शिफ्ट म्हणतात. उघड्या भिंगाच्या कडेचे किरण मधल्या किरणांपेक्षा अलीकडे एकत्र येतात, आणि अ‍ॅपर्चर बंद करताना ते कडेचे किरण कापले गेल्यामुळे तीक्ष्णतेची पातळी सरकते. हा सरकणारा टप्पा दुरुस्त होत नाही. तो किती आहे हे पाहून, एक-दीड मीटरवर एफ/२ ते २.८ वापरताना फोकस जुळल्यावर तितकेच सेंटिमीटर मागे रेलावे. एफ/५.६ पासून पुढे डेप्थ ऑफ फील्ड (टोकदार दिसणाऱ्या भागाची खोली) हा फरक गिळून टाकते.

ज्यांच्या कॅमेऱ्याची पाठ पूर्ण उघडते, त्यांना रोल न घालवताही पहिला अंदाज घेता येतो : शटर बी वर (बटण दाबून असेपर्यंत उघडे राहणाऱ्या खुणेवर) उघडे धरून फिल्मच्या रुळांवर दुधी काच सपाट टेकवावी आणि लूपने प्रतिमा पाहावी. अंतिम निर्णय मात्र फिल्मवरूनच करावा.

अंतराचा हिशेब

पस्तीस मिलिमीटरची लेन्स एफ/१.४ वर एक मीटरवर सुमारे सात सेंटिमीटर खोलीच टोकदार ठेवते, दोन मीटरवर सुमारे २७ सेंटिमीटर, आणि तीन मीटरवर साठ सेंटिमीटरांच्या आसपास. एक मीटरवरून दोन मीटरवर जाताच डेप्थ चौपट होते, म्हणून अंधारात काम करताना अर्धे पाऊल मागे घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. या जुन्या लेन्स बहुधा एक मीटरपेक्षा जवळ येतही नाहीत, आणि वाइड लेन्सने त्याहून जवळ जाऊन माणसाचे नाक मोठे करण्यात काही हशील नसते.

रेंजफाइंडरचा ठिपका चौकटीच्या मध्यभागी असतो, पण माणूस नेहमी मध्यभागी नको असतो. मध्ये फोकस करून मग कॅमेरा वळवला की चूक येथे शिरते. फोकसची पातळी कॅमेऱ्याबरोबर वळते; एक मीटरवर वीस अंश वळले की विषय त्या पातळीच्या सुमारे सहा सेंटिमीटर अलीकडे राहतो, आणि सात सेंटिमीटरांच्या डेप्थचा अर्धा भागच त्या बाजूला असल्यामुळे डोळे बाहेर जातात. उपाय दोन आहेत : कॅमेरा वळवण्याऐवजी स्वतः बाजूला सरकावे, किंवा वळल्यानंतर पाच-सहा सेंटिमीटर मागे रेलावे. कंबरेतून रेलण्याची सवय झाली की रिंगला हात न लावताही लहानसहान हालचाली सांभाळता येतात.

लेन्सला फोकसची खुंटी असेल, तर ती सरळ खाली आली असता अंतर किती असते, आणि डावी-उजवीकडे अर्ध्या वाटेवर किती, हे घरी पाहून ठेवावे. प्रत्येक लेन्समध्ये ते वेगळे असते. काही आठवड्यांत बोटाला अंतर कळू लागते आणि कॅमेरा डोळ्याशी येण्यापूर्वीच फोकस जवळपास बसलेला असतो.

तांबट आळीतील उदाहरण घेऊ. कारागीर दाराशी बसून तांब्याच्या भांड्यावर एका लयीत हातोडा मारत असतो. भांड्याच्या काठावर दारातल्या उजेडाची एक बारीक रेघ असते आणि चेहरा अर्धा अंधारात. रेंजफाइंडरला उभी, स्पष्ट कड लागते. अंधारातल्या गालावर दोन प्रतिबिंबे जुळवत बसण्यापेक्षा त्या चकाकत्या काठावर फोकस करावा आणि चेहरा काठापेक्षा जितका मागे असेल तितके स्वतः पुढे रेलावे. हातोडा वर थांबतो तो क्षण घ्यावा, कारण १/६० वर खाली येणारा हातोडा वाहून जातो. आत शिरण्यापूर्वी विचारणे अर्थातच आलेच. “काका, काम चालू राहू द्या, मी इथे बाजूला थांबतो” एवढे म्हटले की पुरते, आणि काम थांबवून कॅमेऱ्याकडे पाहणारा माणूस टळतो.

उजेड मोजणे

एम२ आणि कॅनन पी मध्ये मीटर नाही. परावर्तित उजेड मोजणारा मीटर चकाकत्या तांब्याला पाहून फसतो, म्हणून पांढरा घुमट असलेल्या मीटरने चेहऱ्याजवळून कॅमेऱ्याच्या दिशेने माप घ्यावे. ते शक्य नसेल तर आयएसओ ४०० फिल्मसाठी पुढील अंदाज पुरेसे आहेत : दाराशी उजेड असलेला कारखाना, एफ/२ आणि १/६०, संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांचा झगमगाट, एफ/२.८ आणि १/६०. पेठेतली दिव्याच्या खांबाखालची गल्ली, एफ/१.४ आणि १/३०. पाताळेश्वरात प्रवेशद्वारापासून गाभाऱ्याकडे जाताना उजेड काही पावलांत अनेक स्टॉपनी उतरतो, तेथे प्रत्येक खांबापाशी पुन्हा मोजावे.

ट्राय-एक्स किंवा एचपी५ ही ४०० ची फिल्म १६०० वर पुश करता येते, म्हणजे कमी उजेडात घेऊन डेव्हलपिंग वाढवता येते. पुश केल्याने कॉन्ट्रास्ट वाढतो, आणि या जुन्या लेन्सचा स्वतःचा कॉन्ट्रास्ट कमी असल्यामुळे दोन्हींचे चांगले जमते. आधुनिक लेन्सने तीच फिल्म कोळशासारखी काळी होते. रोल देताना किती स्टॉप पुश करायचा आहे, हे तोंडी न सांगता डबीवर लिहून द्यावे.

चौकटीत उघडा दिवा असेल तर पुढे लावलेला फिल्टर त्याचे भूत उमटवतो, म्हणून रात्री फिल्टर काढावा. अपवाद विसर्जनातल्या गुलालाचा.

पालखी आणि विसर्जन

गर्दीत रेंजफाइंडर जुळवत बसू नये. पालख्या पुण्यात येतात तेव्हा बहुधा ढगाळ उजेड असतो. आयएसओ ४००, एफ/८ आणि १/२५० ठेवून लेन्स तीन मीटरवर लावली की सुमारे १.९ मीटरपासून ७.३ मीटरपर्यंत सारे टोकदार येते. हीच लेन्स पाच मीटरवर लावली तर अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत. लेन्सवरची डेप्थची खूण थोडी उदार असते. मोठा प्रिंट काढायचा असेल तर एक स्टॉप कडक धरून, म्हणजे एफ/८ वर असताना एफ/५.६च्या खुणा पाहून अंतर ठरवावे.

विसर्जन मिरवणुकीत रात्री एफ/२.८ वर तीन मीटरवर लावलेली लेन्स केवळ अडीच ते पावणेचार मीटरचा पट्टा देते. तेव्हा विषयाच्या मागे धावू नये. ढोलपथक त्या पट्ट्यात येईल अशी जागा धरून उभे राहावे. गुलाल आणि पाणी हे दोन्ही नळीच्या आट्यांत शिरतात, म्हणून येथे साधा फिल्टर लावावाच आणि गुलाल पुसण्याऐवजी फुंकणीने उडवावा. कोरडा गुलाल कापडाने घासला तर कोटिंगवर ओरखडे पडतात.

ऊन

रेंजफाइंडरमध्ये लेन्स आणि शटर यांच्यामध्ये काहीही नसते. एफ/१.४ वर उघडी ठेवलेली लेन्स चैत्र-वैशाखाच्या उन्हात सूर्याकडे तोंड करून टेबलावर राहिली, तर लाइकाच्या कापडी पडद्याला भोक पडू शकते. कॅमेरा खाली ठेवताना टोपी लावावी. चालताना अ‍ॅपर्चर एफ/१६ वर आणि लेन्स जमिनीकडे ठेवावी. टोपी लावली असली तरी व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य दिसतच राहते, त्यामुळे हातात घेताच टोपी काढण्याची शिस्त हवी. कॅनन पी चा पडदा धातूचा आहे. तो जळत नाही, पण बोट लागले तर सुरकुततो.

भर उन्हात आयएसओ ४०० साठी १/१००० आणि एफ/११ लागतात, म्हणजे उघड्या अ‍ॅपर्चरचा विषयच संपतो. उन्हात एफ/१.४ हवेच असेल, तर आयएसओ १०० ची फिल्म आणि चार स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर लावून १/१००० वर काम होते. एसएलआरमध्ये (लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या आरशाच्या कॅमेऱ्यात) असा फिल्टर लावला की व्ह्यूफाइंडर काळवंडतो. येथे तो जसाच्या तसा उजळ राहतो.

डिजिटलवर

या लेन्स मिररलेस कॅमेऱ्यावर लावता येतात, पण सेन्सरपुढची जाड काच कोपऱ्यात तिरप्या येणाऱ्या किरणांना विस्कटते आणि कोपरे अपेक्षेपेक्षा जास्त पुसट येतात. अशा निकालावरून लेन्सची किंमत करू नये.

पावसाळ्यात जपणूक

जून ते सप्टेंबर हा बुरशीचा हंगाम. लेन्स चामड्याच्या पेटीत ठेवू नये. चामडे ओल धरून ठेवते आणि बुरशीचे बीजाणूही. घट्ट झाकणाचा डबा, आत आर्द्रता दाखवणारे छोटे मापक आणि सिलिका जेल एवढे पुरते. मापकाचा काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. त्याखाली फार कोरडे केले तर आट्यांमधले वंगण सुकते. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून खिडकीपाशी धरावी आणि रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवावी. वातानुकूलित गाडीतून पावसाळी हवेत उतरताना काचेवर दव धरते, म्हणून पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी पडले की ते एखाद्या जुन्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवता येतात. त्या निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, तेव्हा तो तवा नंतर स्वयंपाकाला वापरू नये.